मनकवडा

मराठीतला ‘मनकवडा’ हा शब्द मला फार दिवसांपासून आवडतो. न सांगता दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा, तो मनकवडा. लग्नाला तीस-चाळीस वर्षे झाली की प्रत्येक नवऱ्याला आपण ही पदवी मिळवली असल्याचा भ्रम होऊ लागतो. मलाही झाला होता. आमची ही स्वयंपाकघरातून नुसती “अहो, ते हे—” म्हणाली की मी माळ्यावरची परात काढून देत असे. पाहुण्यांदेखत ती गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ मी पाहुण्यांना समजावून सांगत असे. तो बरोबर की चूक, हे मी तिला कधी विचारले नाही. विचारावे लागले, तर मग मनकवडा कसला?

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी, चहा गाळता गाळता तिच्या हातातले भांडे पडले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुंबला होता. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. डॉक्टर म्हणाले, “यांना सगळं समजतं. विचार जागेवर आहेत, शब्द सापडत नाहीत.” कपाटाची किल्ली हरवावी आणि आतले सामान आतच राहावे, तसे झाले. महिन्यांनंतर तिला दोन-तीन शब्द परत मिळाले. त्यांतला मुख्य ‘पाणी’. भूक लागली तरी पाणी, पंखा हवा असला तरी पाणी, माझा राग आला तरी पाणी.

वाचेचे व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या मला म्हणाल्या, “काका, तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.” मी मान डोलावली, त्यांची फी दिली आणि तो सल्ला सोडून दिला. अट्ठेचाळीस वर्षांच्या मनकवड्याला ही कालची पोर शिकवणार!

आता या गोष्टीत माझा नातू येतो. तो इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत तो आणि त्याची चार मित्रमंडळी आमच्या पुढच्या खोलीत टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही, जिंकणे-हरणेही नाही. प्रत्येक जण एक सोंग घेतो : कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, “तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?” बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि ते साधले की फसले हे फासा ठरवतो. फासेही नाना तऱ्हेचे, चार पैलूंच्या फाशापासून वीस पैलूंच्या फाशापर्यंत. आपल्याकडे बोहाड्यात सोंगे नाचतात, इथे ती खुर्चीवर बसून बोलतात, एवढाच काय तो फरक.

या मे महिन्यात टेबलावर एक कडाक्याचे भांडण झाले. मंडळींतल्या एका मुलीला असे सोंग घ्यायचे होते की ज्याला मनोबल आहे. म्हणजे दुसऱ्याचे विचार ऐकायचे, हात न लावता वस्तू हलवायच्या. एका मुलाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे, हा तलवारींचा आणि मंत्रांचा खेळ. मनोबल, विचारवाचन ही विज्ञानकथेतली भानगड. ती इथे आली म्हणजे पुरणपोळीवर सॉस ओतल्यासारखे होते. शिवाय जादूगार आहेच की! मग हा दुसरा जादूगार कशाला? मुलगी म्हणाली, “जादूगार बाहेरची शक्ती वापरतो, माझी आतली आहे.” वाद तासभर चालला. मला तो इतका ओळखीचा वाटला की मी नातवाला म्हटले, “या विषयावरचं काही वाचायला दे.” त्याने पुस्तकांचा ढीगच आणून टाकला.

वाचून जे कळले ते मोठे गमतीचे आहे. हा खेळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून 1974 साली बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या छपाईच्या प्रती हजार. पुढच्याच वर्षी त्यात अष्टपादासारख्या डोक्याचा एक राक्षस आला. तो माणसांची मने बधिर करतो आणि मेंदू खातो. मग 1976 च्या एका पुरवणीत ते मनोबल खेळणाऱ्यांच्याही हाती आले. इंग्रजीत त्याला ‘सायॉनिक्स’ म्हणतात. हा शब्द जादूच्या पोथीतला नव्हेच. ग्रीक ‘साय’ अक्षराला ‘इलेक्ट्रॉनिक्स’चे शेपूट जोडून तो 1951 साली एका विज्ञानकथेत घडवला गेला, आणि जॉन कॅम्बेल या संपादकाने आपल्या मासिकातून तो लोकप्रिय केला. त्याच्याही आधी, 1930 नंतरच्या वर्षांत, ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन नावाचे गृहस्थ पत्त्यांवर प्रयोग करीत होते. पंचवीस पत्ते आणि पाच चिन्हे : वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन, तारा. न बघता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने पंचवीसांत सरासरी पाच बरोबर येतात. कोणाचे त्याहून जास्त आले की ऱ्हाइनसाहेबांना आशा वाटे. पुढे इतरांनी कसून तपासले तेव्हा ती आशा टिकली नाही. पण प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले नाही, ते गोष्टींत सुखाने नांदू लागले आणि गोष्टींतून खेळात आले. म्हणजे हरकत घेणारा मुलगा अगदीच चूक नव्हता. मनोबल खरोखरच दुसऱ्या आळीतून आले होते.

खेळाने या पाहुण्याला वागवले तेही पाहण्यासारखे आहे. 1978 च्या नियमपुस्तकात मनोबल हे परिशिष्टात टाकले आहे. ते कष्टाने मिळत नाही, जन्मतःच असावे लागते. शंभराचा फासा टाकायचा आणि शंभरच पडले पाहिजेत. बुद्धी फार तल्लख असली तर थोडी सवलत. बहुतेकांच्या नशिबी ते नाहीच, आणि ज्याच्या नशिबी आहे त्याच्या मनावर चाल करून यायला इतर मनोबलवाले टपलेले. त्या लढाईतल्या डावांची नावे वाचून मला हसू आवरेना. एक ‘अहंकाराचा चाबूक’, एक ‘बुद्धीचा किल्ला’, एक ‘लोहसंकल्पाचा मनोरा’. फ्रॉइडसाहेबांना तलवार देऊन आखाड्यात उतरवल्यासारखे वाटते. ही लढाई चालतेही झपाट्याने. इतरांची एक फेरी होते तोवर मनोबलवाल्यांच्या दहा होतात, आणि बाकीची मंडळी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसतात. तक्रारी झाल्या नसत्या तरच नवल.

पुढे 1991 साली अथास नावाचे एक वाळवंटी जग रचण्यात आले. तिथे जादूने जमिनीतला जीव शोषून घेतला आहे, म्हणून जादूगाराचा सगळे द्वेष करतात, आणि मनोबल मात्र घरोघरी, बारीकसारीक का होईना, आहे. ही कल्पना मला फार आवडली. तिथे मनोबलाला स्वतःची जागा मिळाली. 2010 साली तर संन्यासी योद्ध्याची सारी ताकद मनोबलाच्या खात्यात जमा झाली. 2014 साली नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्याला पुन्हा दाराबाहेर उभे केले, आणि 2020 च्या एका पुस्तकात तीन पोटजातींच्या रूपाने ते मागच्या दाराने परत आले. त्यांतल्या एका जातीचा जादूगार सहाव्या पायरीला पोचला की विचार वाचण्यासारखे आपले काही खास मंत्र न पुटपुटता, हातवारे न करता टाकू शकतो. पन्नास वर्षांच्या भांडणाचे सार एवढेच निघाले : मंत्र तोच, फक्त शब्दावाचून.

मला वाटले, या पोरांना आपल्याकडची गोष्ट कोणी सांगितलेली दिसत नाही. आपण हा हिशेब केव्हाच वेगळा मांडला आहे. मंत्रतंत्र ही एक वाट, योगसिद्धी ही दुसरी. पतंजलींच्या योगसूत्रांतला तिसरा पाद म्हणजे या खेळाच्या नियमपुस्तकासारखाच आहे. अदृश्य व्हावे कसे, हत्तीचे बळ यावे कसे, पाण्याचिखलावरून न बुडता जावे कसे, आणि दुसऱ्याचे चित्त जाणावे कसे. पण मग पतंजली सांगतात की समाधीच्या वाटेवर या सिद्धी म्हणजे विघ्ने. त्या शंभरावर पडोत की एकावर, साधकाने त्यांच्यात गुंतायचे नाही. आपल्या चांगदेवांचेच पाहा. चौदाशे वर्षांचे आयुष्य, वाघावर बसून येण्याइतकी सिद्धी. पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय घालावा तेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. कोरा कागद वाचणारा तो खरा मनकवडा, असे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी हेही समजून चाललो की माझ्या घरातला कोरा कागद मी वाचलेलाच आहे.

त्याच आठवड्यात घरकाम करणाऱ्या मावशी लग्नासाठी गावी गेल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात ही संध्याकाळ झाली की बेचैन होऊ लागली. “पाणी, पाणी.” मी भांडे आणले. तिने ते डाव्या हाताने सारले. डाव्या हाताचे बोट पुढच्या खोलीकडे. तिथे फ्रीज आहे. अच्छा, गार पाणी हवे! गार आणले, तेही सारले. मोसंबीचा रस आणला. तो माझ्या सदऱ्यावर आला. ती रडू लागली. मी तिला समजावले, “अगं, डॉक्टरांनी गार पाणी कमी द्यायला सांगितलंय,” जे डॉक्टरांनी कधीच सांगितले नव्हते. चार संध्याकाळी असेच चालले.

पाचव्या दिवशी खेळातला एक गडी आजारी पडला. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही बसता का? एक जण कमी आहे.” मी बसलो. मुलीने मोठ्या मनाने आपले मनोबलाचे सोंग त्या दिवसापुरते मला दिले. सूत्रधार नातू. आम्ही चौघे एका डोंगराळ गावातल्या धर्मशाळेत पोचलो होतो. बाहेर पाऊस, आत एक म्हातारी मालकीण, आणि चुलीपाशी कुत्रा. म्हातारी काही बोलेना, नुसती थरथरत होती.

मी नवशिक्या उत्साहाने म्हटले, “आधी कुत्र्याचं मन वाचतो. कुत्र्यांना सगळं ठाऊक असतं.”

“तसं नाही चालत, आजोबा,” नातू म्हणाला आणि नियम वाचू लागला, “ज्याची बुद्धी अगदीच कमी, किंवा ज्याला भाषा येत नाही, त्याच्यावर हा मंत्र—” आणि तो थांबला. चौघांच्याही नजरा आतल्या खोलीच्या दाराकडे गेल्या. दार उघडेच होते. ही पलंगावर बसून आमच्याकडे पाहत होती.

टेबलावर कोणी काही बोलेना. नातवाचा चेहरा लाल झाला. मीच म्हटले, “आजीला भाषा आहे रे. शब्द नाहीत, एवढंच. तू पुढे चल.” पण हे वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि माझे मलाच कुठेतरी लागले. तिला भाषा आहे, असे जर मला ठाऊक होते, तर चार दिवस मी तिच्याशी कुत्र्यासारखा का वागलो? भांडे पुढे ठेवायचे, घेतले तर बरे, नाही घेतले तर दुसरे.

खेळ पुढे चालला. मी म्हातारीचे मन वाचले. सूत्रधाराने सांगितले, “तिच्या मनात एकच शब्द घुमतोय. दार, दार, दार.” झाले! आमच्या लढवय्याने ताबडतोब दाराला अडसर घातला, चोर खिडकीशी दबा धरून बसला. बाहेरून कोणी तरी येणार आणि म्हातारी त्याला भिते, हे उघडच होते. पण म्हातारी जास्तच थरथरू लागली. मुले म्हणाली, “आजोबा, खोल शिरा तिच्या मनात.” नियम असा की वरवरचे विचार गुपचूप वाचता येतात, खोल शिरायचे तर फासा टाकावा लागतो, आणि तो लागो न लागो, आपल्या मनात कोणी घुसते आहे हे त्या माणसाला कळते.

माझ्या हातात फासा होता. तो मी खाली ठेवला. “मी तिला विचारतो,” मी म्हटले.

“काय विचारता?”

“आजी, दाराचं काय? ते बंद हवंय का तुम्हांला?”

नातू क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हातारीच्या आवाजात म्हणाला, “नको रे बाबांनो. माझा लेक गुरं शोधायला गेलाय. तुम्ही अडसर घातलात, आता तो आत कसा येणार?”

सगळे खो खो हसले. अडसर काढला. मी हसलो नाही. मला पतंजलींचे दुसरे एक सूत्र आठवले होते, जे ऐटीत व्याख्यान देताना मी सोयीस्करपणे वगळले होते. दुसऱ्याचे चित्त जाणता येते असे सांगून ते लगेच पुढे बजावतात की त्याचा विषय मात्र त्यात कळत नाही. चित्त तळमळते आहे एवढे योग्याला दिसेल. कशासाठी तळमळते आहे, ते नाही. एवढा मोठा योगी जिथे थांबला, तिथे मी पेन्शनर माणूस सदऱ्यावर मोसंबीचा रस घेऊन बेधडक पुढे गेलो होतो.

संध्याकाळ झाली. “पाणी,” ही म्हणाली. मी उठलो, आणि पुन्हा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच विचारल्यासारखे विचारले, “पाणी तुला हवंय?”

तिने माझ्याकडे बघितले. मग मान हलवली. नाही.

मी थांबलो. थांबणे किती अवघड असते ते तेव्हा कळले. जिभेवर चार उत्तरे तयार होती, ती गिळली. “मग दुसऱ्या कुणाला?”

तिने काठी मागितली. माझा खांदा धरून ती उठली, पुढच्या खोलीत आली, टेबलावरची मुले बाजूला झाली, फ्रीज मागे पडला, आणि ती गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मावशी गावी गेल्यापासून कुंड्यांना कोणी थेंबभर पाणी घातले नव्हते. तुळस माना टाकून होती. गवती चहा पिवळा पडला होता. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या. मे महिन्याच्या उन्हात पाच दिवस. आणि पलंगावरून, दोन दारे उघडी असली की, त्या कुंड्या सरळ दिसतात. मी त्या पलंगावर कधी बसून पाहिलेच नव्हते.

“पाणी,” ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तो शब्द एकदा तरी अगदी बरोबर होता. चुकत होता तो ऐकणारा.

नातवाने बादली आणली. तिने डाव्या हाताने तांब्या धरला, मी खालून हात दिला. तुळस दोन दिवसांत सावरली. गवती चहाला आठवड्याने नवी पाती आली. मोगरा गेला तो गेलाच. तिने तो लग्नानंतर लवकरच लावला होता, तीन घरे बदलताना बरोबर आणला होता. त्याची कुंडी अजून तिथेच आहे. काढायची का, असे मी विचारले तेव्हा तिने नाही म्हटले.

तर आता मनोबलाला त्या खेळात जागा असावी की नसावी? नातवाची मंडळी मला पंच मानू लागली आहेत, म्हणून निवाडा देऊन टाकतो. असावी. तलवारीच्या जगात मन कुठून आले, ही हरकत मला पटत नाही. मन सगळीकडेच आधीपासून असते. जादूगाराशी त्याचा गोंधळ होऊ द्यायचा नसेल तर पहिल्या कर्त्यांनी केले तसे ते दुर्मिळ ठेवावे, किंवा अथासासारखे त्याला स्वतःचे जग द्यावे. पण दोन नियम कोणत्याही आवृत्तीत काढू नयेत. एक, खोल शिरणाऱ्याची चाहूल समोरच्याला लागलीच पाहिजे. दुसरा, मन वाचून शब्द मिळाला म्हणजे अर्थ मिळाला असे सूत्रधाराने मानू देऊ नये. ‘दार’ हा शब्द कोणालाही मिळेल. ते कोणासाठी उघडे हवे आहे, हे विचारावेच लागते.

हल्ली ही ‘पाणी’ म्हणाली की मी लगेच उठत नाही. समोर बसतो आणि विचारतो. पहिले तीन प्रश्न चुकतात, चौथा लागतो. कधी कधी दहाही चुकतात; मग ती डावा हात हलवते, म्हणजे जाऊ दे. त्या दिवशी तिच्या मनात काय होते ते मला कळत नाही. पूर्वीही पुष्कळदा कळले नसणार. पण तेव्हा ती बोलू शकत होती आणि मी तिला बोलू देत नव्हतो, म्हणून ते झाकून गेले. मनकवडा ही पदवी मी परत केली आहे. तिच्याकडे ती सुपूर्द करावी असे मनात होते, तर त्याचेही तिने आधीच ओळखले असावे. कारण मी तोंड उघडण्यापूर्वीच ती हसू लागली.